चावी मारली नाही, असं मी म्हटलं होतं

दादा,

तू गेलास, तुझं पुण्यानुमोदन झालं, त्यालाही आठ दिवस झाले. मांडववाला मांडव सोडून गेला, पाहुणे आपापल्या गावी गेले. वहिनीनं तुझे शर्ट धुऊन दोरीवर घातले आणि मग कोणासाठी घातले म्हणून पायरीवर बसून राहिली. मी शाळेत जाते, हजेरी घेते, फळ्यावर अपूर्णांक लिहिते. शाळेतला पाण्याचा पंप सुरू झाला की खडू तसाच हातात राहतो, कारण त्या पंपात मला तीन ठोके नीट आणि चौथा लंगडा ऐकू येतो. घरच्या पंख्यात तोच, शेजारच्या मिक्सरमध्ये तोच, मौद्याच्या बसमध्ये तर खिडकीची काचही त्याच तालात वाजते. तू असतास तर हसला असतास. "वं नंदे, तुले मशीन ऐकू येऊन राहिली! चाल मंग, शाळा सोड अन् गॅरेजवर ये." पण तुला जे ऐकू यायचं ते खरोखर मशीनमध्ये असायचं. मला येतं ते कुठंच नसतं, आणि तरी थांबत नाही.

म्हणून जे तू असताना सांगायला हवं होतं, ते आधी सांगून टाकते. त्या दिवशी पाण्यात मी चावी मारली होती. एकदा नाही, तीनदा.

पोळ्यानंतरच्या मारबतीच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. मी मौद्याची शाळा आटोपून हुडकेश्वरला घरी येत होते आणि रेल्वेच्या पुलाखाली पाणी साचलेलं होतं. पुढची जीप निघाली म्हणून मीही गाडी घातली. तू मला गाडी शिकवलीस ती माझ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, सगळे 'आता या वयात कशाला' म्हणत असताना. आणि गिअरच्या आधी तू मला पाण्याचा धडा दिला होतास. "पानी बंपरले लागलं का इंजिन आपल्या हातानं बंद करायचं. मंग आभाळ फाटलं तरी चावीले हात लावायचा नाही. हवा दाबल्या जाते, पानी दाबल्या जात नाही. सिलिंडरमंधी पानी असन अन् तू चावी मारली, तं पिस्टन वर येईन, पानी हटणार नाही, मंग मधातला रॉड वाकन." मी विज्ञान शिकवणारी बाई. मला हे दोनदा सांगायची गरज नव्हती, तरी तू दहादा सांगितलंस.

अर्धा धडा मी पाळला. बंपरला पाणी लागताच इंजिन बंद केलं. मग पायाशी पाणी आलं, पोटऱ्या गार पडल्या, मागून हॉर्न सुरू झाले आणि एक ट्रकवाला खिडकीतून ओरडला, "ओ मॅडम, हटवा ना तो डब्बा! चालवता येत नाही तं घेता काहून?" माझा राग तुला माहीत आहे, कायम नाकाच्या शेंड्यावर. मी चावी मारली. इंजिन कण्हलं. दुसऱ्यांदा मारली, तेच. तिसऱ्यांदा गाडी लागली, दोन श्वास चालली, आणि आतून ठक् असा आवाज आला. एकदाच. काय झालं ते मला तेव्हाच कळलं होतं.

फोन केला तसा तू आलास. कमरेइतक्या पाण्यातून चालत, रेनकोटची टोपी मागे पडलेली, चष्म्यावर थेंब. मी काच खाली केली आणि तुझा पहिला प्रश्न, "चावी मारली का वं?" शेजारी चार माणसं गाडी ढकलायला उभी होती, त्यांत तो ट्रकवालाही. मी म्हटलं, "नाही. तू सांगितलं होतं ना." तू त्या माणसांकडे वळलास. "पाह्यलं? बहीण हाय माही. गाडीवाले इतके येते माह्याकडे, सारेच्या सारे पान्यात चावी मारते. इनं नाही मारली." इतका आनंद मी तुझ्या तोंडावर माझ्या डी.एड.च्या निकालालाही पाहिला नव्हता. तो परत कसा घ्यायचा, ते मला तिथं सुचलं नाही आणि पुढंही कधी सुचलं नाही.

गॅरेजात तुझी एक रीत होती. गाडी आली की आधी मालकाचं बयान. भिंतीवरच्या काळ्या पत्र्यावर तू मालकाचे शब्द जसेच्या तसे खडूनं लिहायचास, आणि गाडी बरी होऊन जाईपर्यंत ते पुसायचे नाहीत, असा नियम. त्या दिवशी ओल्या हातानं तू लिहिलंस : 'पाण्यात उभी होती. इंजिन आधीच बंद. चावी मारली नाही.' खडूही माझ्याच शाळेतला, मीच आणून दिलेल्या डब्यातला.

या बयानावरून आपलं भांडण जुनं. रविवारी आलूबोंडा खाता खाता मी तुला चिडवायचे, की तू लोकांचं ऐकून इंजिन तपासतोस आणि लोक तुला सरळ तोंडावर फसवतात. तू म्हणायचास, "गिऱ्हाईक खोटं नाही बोलत वं. त्याले सांगता येत नाही." मी म्हणायचे, माझ्या वर्गात एक दिवस येऊन बस, मग कळेल माणूस किती वर्षांचा असल्यापासून थापा मारतो. त्यावर तू एकदा शांतपणे म्हणालास, "मंग तू त्या पोरायले पहिले भेव दाखवत असशीन." मला राग आला होता. दोन दिवस मी फोन केला नाही. माणसं खोटं बोलतात हे माझं म्हणणं मीच खरं करून दाखवलं, दादा, आणि कशानं बोलतात हे तुझंही. पण हे भांडण मिटवायला तू कुठं आहेस?

मग तू शोधायला लागलास. एअर फिल्टर निघाला तो चहात बुडवलेल्या टोस्टसारखा. चारही प्लग काढून तू आतलं पाणी उडवलंस, गढूळ झालेलं ऑइल बदललंस, टाकी रिकामी करून नवं पेट्रोल भरलंस, एकेक वायर पुसून वाळवलीस. गाडी सुरू झाली. पण रेस सोडली की अंग थरथरायचं, चढावर दम सोडायची, आणि तीन ठोक्यांनंतर चौथा लंगडा. तू लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलंस, मूठ कानाला लावलीस, डोळे मिटलेस. "तिसऱ्या नंबरचा सिलिंडर," तू म्हणालास, "रॉड वाकल्यासारखा वाटते." मी शेजारीच उभी होते. तेवढ्यात तू डोळे उघडून पत्र्याकडे पाहिलंस आणि स्वतःशीच मान हलवलीस. "पन कसा वाकन? चावी तं मारली नाही."

तिथं मी बोलायला हवं होतं. तुझं निदान पहिल्याच दिवशी, पहिल्याच ऐकण्यात बरोबर होतं, आणि ते तू माझ्या शब्दाखातर खोडून टाकलंस.

त्यानंतर जे जे नव्हतं ते ते तू तपासलंस. नवे प्लग, नवी कॉइल, इंजेक्टर, सेन्सर. मी म्हणायचे, जाऊ दे ना दादा, चालतेय तशी चालवते. तू ऐकायचा नाहीस. "रॉड नाही तं मंग काय हाय, हे समजल्याशिवाय मी तुले मौद्याले जाऊ देनार नाही. रस्त्यात काही तुटलं तं?" म्हणून मी बसनं जायचे आणि संध्याकाळी उतरून गॅरेजवर यायचे, आणि तू बॉनेटमध्ये मान घालून उभा असायचास. तू माझ्या जिवासाठी तिथं उभा होतास. मला ते दिसत होतं, आणि मी तुला चहा आणून द्यायचे.

एक संध्याकाळ तर माझ्या मनातून जातच नाही. तू रस्त्यावर येऊन माझी वाट पाहत होतास. "सापडलं नंदे! कॉइलच्या मुळाशी गंज होता." मी त्या दिवशी सगळं सांगायचं ठरवून आले होते, बसमध्ये वाक्य जुळवत आले होते. पण तुझा चेहरा पाहिला आणि मला खरंच वाटलं, की कदाचित माझी चावी माफ झाली असेल. तू मला शेजारी बसवून गाडी काढलीस. वेग घेतला की ती थरथर लपते, हे आता मला माहीत आहे. तेव्हा आपण दोघं हसत होतो, तू स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरला होतास. परत येताना नाक्यावर गाडी थांबवलीस, रेस सोडलीस आणि खालून तो लंगडा ठोका पुन्हा आला. सिग्नल हिरवा झाला, मागच्यानं हॉर्न दिला, तरी तू ऐकत बसला होतास. मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

मग बबनभाऊ गॅरेज सोडून गेले. पंचवीस वर्षं तुझ्यासोबत पाने फिरवलेला माणूस दुपारचा डबा न खाता पिशवी उचलून निघून गेला. मी विचारलं तर तू एवढंच म्हणालास, "तो म्हनते रॉड. मी म्हनतो नाही. वाजलं." मला वाटलं दोन मेकॅनिकांचं भांडण आहे, चार दिवसांत येतील. ते आले नाहीत. आणि तू बदललास. दुसऱ्यांच्या गाड्यांनाही तू दोन-दोनदा स्क्रू-ड्रायव्हर लावायला लागलास. एका गिऱ्हाइकाला तू विचारलंस, "तुम्हाले काय वाटते?" ज्याला सगळं हुडकेश्वर उस्ताद म्हणतं तो माणूस गिऱ्हाइकाला विचारतो, तुम्हाले काय वाटते! मी कोपऱ्यात स्टुलावर बसून ते ऐकलं. तरीही 'उद्या सांगते' असंच स्वतःला म्हटलं.

एका सकाळी मी बसमध्ये असताना फोन आला की तुझी छाती दुखली आणि तू बसल्या जागी गेलास. उद्या संपला.

पुण्यानुमोदनाला विहारात भंतेजींनी पंचशील दिलं. आईनं मांडीवर बसवून म्हणून घेतलेलं, अर्थ कळायच्या आधी पाठ झालेलं. पांढरी साडी नेसून, समोर तुझा फोटो, मी पहिली तीन शीलं म्हटली. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं, आणि तोंड उघडं राहून आवाजच निघेना. वहिनीला वाटलं मला रडू कोसळलं. तिनं माझा हात धरला. पाचवं दारूचं, ते मी खणखणीत म्हटलं. जन्मात दारूला शिवले नाही, त्यात काय कौतुक!

मग लोक तुझ्याबद्दल बोलायला उभे राहिले. सगळ्यांनी तुझ्या कानाचं कौतुक केलं. एक भला माणूस, तुझं जुनं गिऱ्हाईक, डोळे पुसत म्हणाला, "शेवटी शेवटी उस्तादले जरा कमी समजून राहिलं होतं, पन माणूस सोन्याचा." कोणी हरकत घेतली नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. शेवटच्या रांगेत बबनभाऊ खाली मान घालून बसले होते. मला बोलायला बोलावलं तर मी 'दादा चांगला होता' म्हटलं आणि बसले. घरी आल्यावर कळलं की आता हेच राहणार. तू गेल्यावर तुझ्या नावानं लोक हेच सांगणार, की उस्तादचा कान शेवटी गेला होता. हे मला सहन होईना.

शेवटी परवा मी बबनभाऊंच्या घरी गेले. ते अंगणात खाटेवर बसले होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं, तीनदा चावी, दोन श्वास, ठक्. त्यांनी चपला घातल्या आणि म्हणाले, "चाला ताई."

गॅरेज उघडून त्यांनी चारही प्लग काढले. सायकलच्या चाकाची एक तार घेतली. इंजिन हातानं फिरवून एकेक पिस्टन वर आणायचा, प्लगच्या भोकातून तार सोडायची, ती आत किती गेली तिथं नखानं खूण करायची. पहिला, दुसरा, चौथा, तिघांची खूण एका जागी. तिसऱ्यात तार गव्हाच्या दाण्याएवढी जास्त खाली गेली. पिस्टन पूर्ण वर येतच नव्हता, कारण त्याचा रॉड वाकून आखूड झाला होता. सगळं मिळून पंधरा मिनिटांचं काम.

मी विचारलं, "मग दादानं हे काहून नाही केलं?"

बबनभाऊंनी तार पुसून खाली ठेवली. "मी म्हटलं ना त्यायले. म्हटलं उस्ताद, तार टाकून पाहू, पंधरा मिन्टात फैसला होते. त्याच्यावरच तं आमचं वाजलं. म्हने, नंदीनं नाही म्हटलं. आता तार टाकनं म्हनजे तिची झडती घेतल्यासारखं होते. मी बहिणीची झडती घेत नाही."

ते पुढं बोलतच राहिले, थांबता येत नसल्यासारखे. "मले बी राग आला ताई. मी म्हटलं, उस्ताद, मंग तुमचा कानच गेला आता. ज्यानं मले ऐकायले शिकवलं त्याले मी असं म्हटलं. अन् पिशवी घेऊन निघालो. परत याचं होतं मले. आज जाऊ, उद्या जाऊ." एवढं बोलून ते माझ्या गाडीच्या बॉनेटवर डोकं ठेवून रडले. पन्नाशीचा माणूस. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवायला गेले आणि मागे घेतला, कारण तो हक्क मला राहिला नव्हता.

ते गेल्यावर मी पत्र्यावरचं माझं बयान पुसलं आणि त्या जागी मोठ्या अक्षरात लिहिलं : 'सुनंदानं पाण्यात तीनदा चावी मारली आणि उस्तादला खोटं सांगितलं. तिसऱ्याचा रॉड वाकला आहे, हे उस्तादनं पहिल्याच दिवशी ऐकलं होतं.' शटर अर्धं वर ठेवलं, जाणाऱ्या-येणाऱ्याला वाचता यावं म्हणून. काल दोघे-तिघे वाचून गेले म्हणे. आज शाळेतल्या एका बाईंनी मला विचारलं, हे खरं का? मी हो म्हटलं.

वहिनीला सांगणं तेवढं उरलं होतं. तिला आज सांगितलं. ती तुझ्या कागदांची पिशवी उकलून बसली होती, औषधांच्या चिठ्ठ्या, लाईटची बिलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता मला घराबाहेर काढेल, आणि ते बरं झालं असतं. तिनं पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढं धरला. कानाच्या डॉक्टरचा होता. तू गेलास त्याच आठवड्यातला.

"बबनभाऊ गेल्यावर मनाले लागलं होतं त्यायच्या," वहिनी म्हणाली. "मले न सांगता कान तपासून आले. डॉक्टरनं सांगितलं, दोन्ही कान एकदम चांगले हायेत. मी म्हटलं, मंग आता तं खुश व्हा. तं म्हने, शीला, कान चांगला असन तं मंग माहं डोकंच गेलं असन. दोनच गोष्टी राहिल्या होत्या, त्यातली एक गेली."

ती पुढं बोलली.

"मी म्हटलं, दोनच कशा? तिसरी बी हाय ना. नंदाबाईले पुन्हा एकदा इचारून तं पाहा. नुसतं एवढं म्हटलं मी. तं असे चिडले माह्यावर, लग्न झाल्यापासून असे नव्हते चिडले. माही बहीण हाय ते, म्हने. दोन दिवस माह्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हनाले, चहा दे. तेवढंच. चहा घेऊन आली तं..."

तिनं कागदाची घडी घातली आणि पिशवीत ठेवली. माझ्या एका 'नाही'नं तुझे शेवटचे दोन दिवसही तिच्याकडून घेतले, दादा. तिला ते कळलं, माझ्यासमोरच कळलं. मग ती उठून आत गेली, आणि मी कधीची उपाशी असेन म्हणून मला ताट वाढून घेऊन आली.